पलीकडून हो येईपर्यंत

रोज पूजा आटोपली की तिथी-वार घालून वहीत चार ओळी लिहायची मला लग्नाआधीपासूनची सवय आहे. कोणता उपास, कोण आलं, कोण गेलं, गाय व्याली की नाही, एवढंच. पण सत्तावन सालच्या जूनपासून पुढच्या शिवरात्रीपर्यंतची पानं उलटली तर महादेवाच्या खालोखाल एकच नाव सापडतं, कुंताचं. काही पानांवर तर कुंता वर आणि महादेव खाली. त्यानं ते मनावर घेतलं नसावं, कारण शेवटी जे झालं ते त्याच्याच दारात झालं.

कुंता ही इस्तारी नावाड्याची लेक. माणसं ढिवराची, अर्धं पोट मासोळीवर, अर्धं डोंग्यावर, म्हणजे होडीवर. आमचं गाव मार्कंड्याच्या महादेवापासून दोन कोसांवर, आणि इस्तारीचं घर वैनगंगेच्या पल्याड. पोरगी मिडल पास झाली, तिच्या गावात त्यापुढे शाळा नाही, आणि आमच्या गावात हायस्कूल. आमच्या घरचे त्या हायस्कूलात मराठी शिकवतात. एकदा डोंग्यातून येताना यांनीच इस्तारीला म्हटलं होतं की पोरगी हुशार आहे, आमच्याकडे ठेव. मी म्हणते, पुरुषांनी डोंग्यात बसून अशी वचनं देऊ नयेत. पण दिलं होतं.

जूनच्या एका सोमवारी इस्तारी तिला घेऊन दारात उभा. एका हातात पोरीची गाठोडी, दुसऱ्या हातात पळसाच्या पानात बांधलेली मरळ मासोळी, चांगली शेरभराची. माझा सोमवार. घेऊ म्हणावं तर उपास, नको म्हणावं तर त्याचा अपमान. मी म्हटलं, त्या खुंटीला अडकवा, संध्याकाळी बघते. संध्याकाळपर्यंत मांजरानंच काय ते बघून घेतलं. कुंता त्यावर खुदकन हसली, आणि मला वाटलं, चला, जमेल हिचं आपल्याकडे.

ठरलं असं की आठवडाभर आमच्याकडे राहायचं आणि शनिवारी शाळा सुटली की घाटावर जाऊन घरी. काकी, काकी करत ती चार दिवसांत घरची झाली. माझ्यासाठी बेलाची पानं तोडून आणायची, तर एकही पान तुटकं नाही, किडकं नाही. बोलणं मात्र अखंड. गाईशी, चुलीशी, माझ्याशी. त्यामुळे पुढे जे कानावर आलं त्याचं मला फार नवल वाटलं.

त्या उन्हाळ्यात हे नागपूरला कसल्याशा शिबिराला गेले होते. तिथून परत आले ते डोक्यात एक वेड घेऊन. म्हणायला लागले की आपली पोरं वहीत पानंच्या पानं लिहितात, पण पाच माणसांपुढे उभं केलं की त्यांची दातखीळ बसते. उद्या हीच पोरं ग्रामपंचायतीत बसणार, कचेरीत अर्ज घेऊन जाणार, बोलायला नको? हेडमास्तरांकडून शनिवारचा शेवटचा तास मागून घेतला आणि त्याचं नाव ठेवलं ‘बोलण्याचा तास’. हेडमास्तर म्हणाले होते की पोरं आधीच काय कमी बोलतात. तरी दिला.

यांची तयारी बघायची म्हणजे एक करमणूकच. भल्या पहाटे गोठ्यात उभे राहून गाईपुढे भाषण. पाय किती अंतरावर ठेवायचे, हात कुठे ठेवायचे, आवाज पोटातून कसा काढायचा. वर्गात नियम असा की बोलणाऱ्यानं शेवटच्या बाकाकडे बघून बोलायचं. शेवटच्या बाकावरच्याला ऐकू आलं नाही तर त्यानं पाटी वर करायची. तीन मिनिटं बोलायचं, यांचं खिशातलं घड्याळ टेबलावर. आधी काय सांगणार ते सांगायचं, मग सांगायचं, आणि वेळ संपायच्या आत उतरायचं. उतरणं फार अवघड असतं म्हणे. ते तर मला कीर्तनांवरून ठाऊकच होतं.

पहिल्याच शनिवारी बाबुलाल बोलला. लाकडाच्या ठेकेदाराकडे मुनीम होते त्यांचा हा मुलगा. पंचवार्षिक योजनेवर त्यानं असं भाषण केलं की जणू गिरणीत धान टाकलंय. खडखडखडखड, आणि तीन मिनिटांत पोतं रिकामं. टाळ्या पडल्या. मग कुंता उभी राहिली. ‘अध्यक्ष महाराज, गुरुजी आणि माझ्या भावाबहिणींनो,’ एवढं खणखणीत म्हणाली. एकाही पाटीला वर व्हायचं काम पडलं नाही. आणि थांबली. थांबलीच. यांनी पुढचा शब्द सुचवला, तरी उभी. पोरं हसायला लागली. बाबुलाल बाकावरून म्हणाला,

“कुंते, डोंगा आला नाई का अजून?”

वर्ग लोटपोट झाला. कुंता खाली बसली. हे सगळं यांनी मला जेवताना सांगितलं, आणि बाबुलालला चांगला कान धरून उभा केला म्हणाले. त्या बोलण्यात किती खरं होतं हे तेव्हा आम्हा कोणालाच कळलं नाही, बाबुलाललाही नाही.

पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्या शनिवारी तेच. पहिलं वाक्य चोख, मग पुतळा. यांना वाटलं की पाठ नाही. म्हणून पाठ करून घेतलं. घरी मी तांदूळ निवडायला बसले की ती समोर उभी राहून सगळं भाषण म्हणायची. वाक्य झालं की मी सुपाकडेच बघत ‘हं’ म्हणायचे, की पुढचं वाक्य हजर. एकदाही अडली नाही. मी यांना म्हटलं, पोरीला येतंय सगळं, तुमच्या वर्गाचंच काही चुकतंय. यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी उठून तांदूळ पाखडायला लागले.

एका शनिवारी हे चष्मा घरीच विसरले. मी द्यायला गेले तर बोलण्याचाच तास चालू होता. खिडकीतून बघितलं. कुंता समोर उभी. मान किंचित तिरकी, डोळे लांब कुठेतरी, एक हात कानापाशी नेल्यासारखा. घाबरलेल्या पोरीचा चेहरा मी ओळखते. तो हा नव्हता. कोणाची तरी वाट बघतानाचा तो चेहरा. मी चष्मा चपराशाकडे देऊन परत आले, पण तो चेहरा काही माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

दर शनिवारी घाटावर इस्तारी पोरीला पहिलं हेच विचारायचा की आज बोलली का. तीही खोटं बोलायची नाही. दिवाळी झाली आणि एका सोमवारी तो स्वतःच आला. ओट्यावर बसला. पाणी घेतलं, तंबाखू काढली, चुना मळला, पण तोंडात टाकली नाही. यांनी विचारलं काय इस्तारीभाऊ, तर म्हणाला,

“गुरुजी, घाटावर माह्या पोरीचा आवाज पल्याडचे म्हशीवाले वळखते. तुमच्याइथी येऊन ती मुकी झाली. मुकं करून ठेवाची शाळा मले नको.”

हे काही बोलणार तेवढ्यात त्यानंच पुढचं सांगितलं. शिवरात्रीच्या जत्रेत मार्कंड्याला शाळेचा कार्यक्रम असतो हे त्याला माहीत होतं. त्या मांडवात चार लोकांपुढे बोलली तर राहू द्या शाळेत. नाही बोलली तर डोंग्यावर माणूस कमीच आहे, तो तिला त्याच सांजेला घेऊन जाईल. रागानं नव्हता बोलत. माल पाण्यात भिजतोय तर उचलून कोरड्यावर ठेवावा, असं बोलत होता. कुंता दाराआड होती. त्या दिवशी ती गाईशीसुद्धा बोलली नाही.

मी रात्री देवाला म्हटलं, तुझ्या जत्रेला साडेतीन महिने आहेत. एवढ्यात काय ते बघ.

त्यानं आठच दिवसांत बघितलं. कार्तिकी पुनवेला शाळेला सुटी. मला नदीवर दिवे सोडायचे होते, आणि कुंताची आजी रुखमाबाई बरेच दिवस बोलवत होती. म्हणून आम्ही दोघं आणि कुंता असे तिघं घाटावर गेलो. इस्तारीचा डोंगा पल्याड होता. वारा समोरून. कुंता वाळूच्या उंचवट्यावर चढली, हात तोंडाशी नेला आणि हाक दिली.

“बाऽऽ होऽऽ!”

काय तो आवाज. ओरडणं नव्हतं ते. कोणी लांब काठी हळूच पाण्यावर ठेवावी तसा सरकत गेला. आणि मग ती थांबली. मान किंचित तिरकी, डोळे लांब, हात कानापाशी. मी काहीतरी विचारायला गेले तर दुसऱ्या हातानं तिनं मला गप्प केलं. बराच वेळ गेला. मग पल्याडून बारीकसं ‘होऽऽ’ आलं. तेव्हा कुठे तिनं पुढचं टाकलं, ‘तीन माणसंऽऽ.’ पुन्हा तसाच थांबा. ‘होऽऽ.’ मग, ‘ओझं नाईऽऽ.’ थांबा. ‘होऽऽ.’

 मी यांच्या दंडाला धरून हलवलं. माणसांदेखत मी यांना कधी हात लावला नव्हता. म्हटलं, बघा, बघा हिच्याकडे, वर्गात अशीच उभी राहते ना? 

डोंग्यात बसल्यावर यांनी इस्तारीला विचारलं की मधे एवढं थांबायचं का. त्याला तो प्रश्नच कळेना. पल्याड पोचल्यावर रुखमा आजीनं सांगितलं. घाटाचा नियमच तो. पहिली गोष्ट पलीकडे पोचली, तिकडून हो आलं, की मग दुसरी. हो आल्याबिगर पुढचं बोलायचं नाही. तिच्या सासऱ्याच्या काळात कोणी तरी घाईनं सगळं एका दमात ओरडलं, पल्याडच्यानं अर्धंच ऐकलं आणि भर पुरात लहान डोंगा घेऊन वराती माणसं आणायला निघाला. कशी तरी माणसं वाचली, नवरदेवाचं बाशिंग मात्र गेलं. तेव्हापासून घाटावरच्या लेकरांना बोलायला शिकवतात तेच असं. आजी म्हणाली, “आमच्या घरी नवराबायकोचं भांडण झालं तरी हो देल्लाबिगर पुढची शिवी नाई निंगत.”

मला आमचं सूप आठवलं. मी ‘हं’ म्हणत होते, म्हणून पोरगी बोलत होती. वर्गात कोणी हं म्हणत नव्हतं. सभेत गप्प बसून ऐकायचं हे यांनीच तर पोरांना शिकवलं होतं.

परतताना यांची कळी अशी खुलली की मध्यधारेत हे उभेच राहिले. हातवारे करत कुंताला सांगायला लागले की अगं, तू चुकत नव्हतीस, मीच. डोंगा एकीकडे कलला. माझी पूजेची थाळी पाण्यात जाता जाता राहिली. इस्तारीनं बांबू रोवला आणि म्हणाला,

“गुरुजी, खाली बसा. डोंग्यात उभं राहून भाषण नाई करता येत.”

मग तो कितीतरी वेळ तेच बोलत राहिला. की शिकलेलेही उभे राहतात आणि अडाणीही. काठ जवळ दिसला की सारेच्या सारे एका अंगाला उठतात. दर शिवरात्रीला ओरडून ओरडून त्याचा गळा बसतो, पण जत्रेचं माणूस ऐकत नाही. कुंता ऐकत होती. मी तेव्हा फक्त माझी थाळी पुसत होते.

यांनी आधी तिला सांगून बघितलं की सभेत हो येत नसतं, तू थांबू नकोस. पण तिचं म्हणणं असं की पोचलं की नाही हे न बघता पुढचं बोलायचं म्हणजे पाण्यात फेकल्यासारखंच की. यावर यांनी दोन दिवस घरात फेऱ्या मारल्या. तिसऱ्या दिवशी चहा पिताना मला काहीतरी सांगत होते, मी मान हलवली, आणि कप तसाच खाली ठेवून हे म्हणाले की सापडलं. हो तोंडातच असतं असं नाही. मान हलते, भुवई उचलते, कोणी हसतं, कोणी पुढे सरकून बसतं, तोच हो. तो बघायचा आणि पुढचं बोलायचं.

पुढच्या शनिवारी साऱ्या वर्गाला तसं बोलायला लावलं. एक वाक्य, मग समोरच्यांपैकी एकाच्या तरी चेहऱ्यावर हो दिसेपर्यंत थांबायचं. आता मजा बघा, बाबुलालची गिरणी पहिल्याच वाक्याला बंद पडली. त्यानं आजवर समोर कोणाकडे बघितलंच नव्हतं. आणि कुंता? तिनं पहिलं वाक्य टाकलं, थांबली, दुसऱ्या बाकावरच्या मुलीची मान हलली, आणि दुसरं वाक्य आलं. मग तिसरं. दोन मिनिटं बोलली. यांनी घड्याळ हातात घेतलं होतं ते कानाला लावून बघितलं, म्हणे बंद तर पडलं नाही ना. त्या संध्याकाळी मी गूळ-खोबऱ्याचा प्रसाद वाटला. शेजारणीनं विचारलं काय आहे आज, तर काय सांगायचं? म्हटलं, आमची गाय बोलली.

पौष गेला, माघ आला. हेडमास्तरांनी जत्रेतल्या भाषणांचे विषय ठरवले. बाबुलालला योजना, एकाला सहकार, कुंताला स्वच्छता. कुंता यांच्याकडे येऊन पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत उभी राहिली. तिला डोंग्यात कसं बसायचं यावर बोलायचं होतं. हेडमास्तर म्हणाले की हा काही विषय आहे का. हे म्हणाले, साहेब, जत्रेतलं निम्मं माणूस डोंग्यानं येतं. त्यांना सहकार म्हणजे काय ते बसल्या जागी कळेल. खूप वेळ वाद झाला. शेवटी हेडमास्तर म्हणाले की तीनच मिनिटं, आणि जबाबदारी तुमची.

शिवरात्र उजाडली. माझा निर्जळी उपास. पहाटे चार वाजता नदीत स्नान केलं, देवाला एकशेआठ पानं वाहिली. पानं कुंतानंच तोडली होती. प्रत्येक पानाला मी एकच मागितलं, पोरगी बोलू दे.

मार्कंड्याला वैनगंगा उत्तरेकडे वळते, तिथे वाळूवर माणसांचा समुद्र. गाड्या सोडलेल्या, बैल बांधलेले, बत्ताशांची दुकानं, बोरांचे ढीग, पाळणा, कुठे भजन, कुठे लेकरू हरवलेलं. देवळाच्या खालच्या अंगाला मांडव आणि त्यात चांद्याहून आणलेला बॅटरीवरचा भोंगा. पोरं भाषणापेक्षा भोंगा बघायलाच जमलेली. मी बायकांत पुढे बसले. मागे मांडवाच्या खांबाशी मला इस्तारी दिसला. चार ढिवर सोबत. त्यानं पागोट्याचा शेव तोंडापुढे धरला होता. सकाळीच त्यानं यांना सांगून ठेवलं होतं की तो आपल्या तोंडानं हो देणार नाही; तिचं तिनं निभवावं.

बाबुलाल बोलला. आता चांगला थांबून थांबून बोलत होता, पण ऐकतो कोण? मांडवातलं अर्धं माणूस उठत होतं, अर्धं बसत होतं. मग कुंताचं नाव पुकारलं. निळं लुगडं माझंच नेसली होती. भोंग्याच्या दांड्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, ‘अध्यक्ष महाराज, गुरुजी आणि माझ्या भावाबहिणींनो.’ आवाज भोंग्यातून फरफरत निघाला. ती थांबली. मान, भुवई, काही तरी शोधत होती. एकही चेहरा तिच्याकडे नव्हता. कोणी दुकानाकडे बघतंय, कोणी लेकराला दटावतंय. मी जोरजोरानं मान हलवत होते, पण एवढ्या गर्दीत माझी मान तिला कुठे दिसणार. हात कानापाशी गेला. मला पुढचं कळलं. हेडमास्तरांनी पुढच्या मुलाला खूण केली. मी डोळे मिटले आणि महादेवाला म्हटलं, आता तुझी लाज.

डोळे उघडले ते बाबुलालच्या आवाजानं. तो मंचाच्या पायरीशी उभा होता, आणि या खेपेला हसत नव्हता. हळूच म्हणाला,

“कुंते, हाक मार.”

कुंतानं त्याच्याकडे बघितलं. मग भोंग्यापासून दोन पावलं बाजूला झाली, हात तोंडाशी नेला आणि सरळ नदीच्या रोखानं, घाटावरची हाक दिली.

“नदीपल्याडून कोण कोण आलं होऽऽ?”

भोंग्यानं जे झालं नव्हतं ते झालं. मांडवातल्या माना एकदम वळल्या. बाहेरच्या बैलांनीही कान टवकारले असतील. आणि घाटाघाटावरची जी माणसं होती, जन्मभर अशा हाकेला उत्तर देत आलेली, त्यांच्या तोंडून आपसूक निघालं, ‘होऽऽ!’ या कोपऱ्यातून, त्या कोपऱ्यातून, दुकानांच्या मागून.

मग काय विचारता. पोरीला काठ सापडला. तिनं विचारलं, डोंग्यात उभं कोण कोण राह्यलं? लोक हसायला लागले. अगदी पुढे जंगलाकडच्या गावची एक म्हातारी बोरांची टोपली घेऊन बसली होती. मागून कळलं तिचं नाव सोमारी. तिनं हात वर करून कबूल केलं की मी राह्यली होती माय, देऊळ दिसलं न मले. कुंता म्हणाली, बाई, देऊळ पळत नाई. पण तुमी उठलं की तुमच्या मागचा उठतो, त्याच्या मागचा उठतो.

“डोंग्याले माणसासारखे दोन पाय नाईत. तो तुमच्या बुडावरच उभा असते. तुमी उठले, तर तो कशावर उभा राहीन?”

मांडव हसला. लहान लेकरू कुठे धरायचं, ओझं कुठे ठेवायचं, ते तिनं सांगितलं. प्रत्येक गोष्ट सांगायची, थांबायची, हो आलं की पुढची. लांबून येणारे लोक काय चाललंय म्हणून जवळ येऊन बसत होते. यांच्या हातात घड्याळ होतं आणि हे त्याच्याकडे बघायलाच विसरले होते. शेवटी ती म्हणाली की आज जाताना डोंगा काठाला टेकेपर्यंत कोणी उठणार नाही, असं मला सांगा. पोचलं का होऽऽ?

सगळा मांडव ‘हो’ म्हणाला. मी वळून खांबाकडे बघितलं. पागोट्याचा शेव खाली आला होता आणि इस्तारीचं तोंडही ‘हो’ म्हणायला उघडलं होतं. शेजारचा ढिवर त्याला कोपरानं ढोसत होता.

पण इस्तारी मंचाकडे आला नाही. माणसं परतायची वेळ झाली होती. तो डोंग्यावर गेला. आम्ही आणि बाबुलाल मागोमाग घाटावर आलो तर तिथे नेहमीची झुंबड. कुंता माझा हात धरून उभी होती. ती बोलली होती, पण बापानं काहीच सांगितलं नव्हतं.

इस्तारीचा डोंगा भरला. सवयीनं तो ओरडायला तोंड उघडतो तर बघतो काय, सगळे आधीच खाली बसलेले. लेकरं मांडीत, ओझी मधोमध. डोंगा निघाला. धारेच्या पलीकडे काठ जवळ आला तसा एक कोटवाला गृहस्थ उठू लागला. आम्हाला इतक्या लांबून फक्त दिसलं. काय झालं ते रिकाम्या डोंग्याबरोबर परत आलेल्या एका ढिवरानं सांगितलं. सोमारी त्याच डोंग्यात होती. तिनं त्याचा कोट धरून खाली ओढला आणि म्हणाली, “पोरीले हो देलं ना आपण? बस मुकाट्यानं.” आणि तो बसला.

सात खेपा झाल्या. दर खेपेला हेच. सूर्य वाळूला टेकला तेव्हा इस्तारी शेवटची माणसं घेऊन पल्याड गेला. जाताना आमच्याकडे नुसतं बघितलं. पोरीला डोंग्यात बस असंही म्हणाला नाही आणि राहा असंही नाही. कुंताची गाठोडी मी सकाळीच बांधून आणली होती, तिनंच सांगितलं होतं तसं. ती वाळूवर आमच्या पायांशी पडली होती.

पल्याड माणसं उतरली. डोंगा रिकामा झाला. कुंतानं माझा हात सोडला आणि उंचवट्यावर चढली.

“बाऽऽ होऽऽ!”

“होऽऽ.”

“मी उद्या शाळेत जाऊ काऽऽ?”

थांबा. एवढा लांब थांबा मी आयुष्यात ऐकला नाही. पाण्यावर एक बगळा इकडून तिकडे गेला. यांनी टोपी काढून हातात घेतली होती. माझे ओठ नुसते हलत होते, पण मंत्र कोणता ते आठवेना. पल्याडची ती बारीक आकृती उभी होती, आणि मग नदीवरून सरकत आलं,

“होऽऽ! जाऽऽय!”

आणि तो थांबला. आता त्याचं बोलणं पोचलं, याचं हो आमच्याकडून जायला हवं होतं. त्याबिगर तो डोंगा बांधणार नाही. पण कुंताच्या तोंडून शब्द फुटेना. इतक्या लोकांना हाक देणारी पोरगी दोन्ही हात तोंडावर धरून रडत होती, हसत होती, मान हलवत होती, जशी काही तिची मान त्याला तिथून दिसणार होती. पल्याड तो वाट बघतच उभा. 

मग मीच पदर खोचला, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि दिवसभराच्या कोरड्या गळ्यानं ओरडले, “होऽऽ!” माझ्यामागून यांनी, त्यामागून बाबुलालनं, त्यामागून घाटावरच्या बैलगाड्यांतल्या अनोळखी माणसांनीसुद्धा.

पल्याड इस्तारीनं वाकून डोंगा खुंट्याला बांधला. मी कुंताची गाठोडी उचलून डोक्यावर घेतली, आणि आम्ही घराकडे निघालो.